ते पासष्ट हजार कुठे गेले?

चूक दुरुस्त होणं वेगळं आणि चूक सापडणं वेगळं. आपल्याकडे कॉम्प्युटर शिकवताना सगळे मार्क पहिल्या गोष्टीला असतात, दुसरीला कोणी विचारतही नाही. हे मत माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळतंय. दिवाळीत बुलढाण्याला गेलो होतो तेव्हा ते आणखी पक्कं झालं, म्हणून आज लिहायला बसलोय.

(नातेवाईक वाचक मंडळींनी 'प्रोग्रॅम' हा शब्द पाहून खिडकी बंद करू नये. कापसाचा हिशोब येत असेल तर हे सगळं कळेल. ब्लॉगवाल्या मित्रांना काही ठिकाणी फारच बाळबोध वाटेल, त्यांनी तेवढं गाळून वाचावं. :))

माझी भाची घाटाखालच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. पहिलं वर्ष. तिथे अजून टर्बो सी चालतं. म्हणजे १९८७ साली बाजारात आलेलं ते निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर, आजच्या विंडोजवर सरळ चालत नाही म्हणून डॉसबॉक्स नावाच्या कुबडीवर चालवायचं. प्रॅक्टिकलमध्ये 'दर आणि नग घेऊन बिल काढा' असा एक प्रोग्रॅम होता. जर्नलमध्ये सगळ्या मुलांनी पेन घेतले, हिने कापूस घेतला. भाऊजींची पराटी असते, घरात दुसरा कसला हिशोब चालणार? भाव तिने २०२४-२५ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव घातला, क्विंटलला ७५२१ रुपये. किती क्विंटल ते विचारायचं, गुणायचं आणि छापायचं. दहा ओळींचा प्रोग्रॅम. लॅबमध्ये दोन क्विंटल टाकले, १५०४२ आले, जर्नलवर सही झाली.

घरी येऊन तिने मोठ्या हौसेने वडलांना दाखवला. भाऊजी म्हणाले, नऊ टाक. उत्तर आलं २१५३ रुपये.

"नऊ क्विंटलचे दोन हजार? असा भाव असन तं कापूस गाद्यातच भरतो ना मी!"

सगळे हसले. ती नाही हसली. पाच टाकले तर त्याहून वाईट, उणे २७९३१. म्हणजे पाच क्विंटल कापूस घालायचा आणि वर व्यापाऱ्यालाच अठ्ठावीस हजार द्यायचे! कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळालं की उदाहरणात दोनच क्विंटल घाल, चालतोय ना प्रोग्रॅम? एका मैत्रिणीने तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये टाकला, तिथे पाचाचे ३७६०५ बरोबर आले. मग तर हिची खात्रीच झाली की दोष आपल्यात आहे, आपल्या हाताला गुण नाही. मी पोचलो तोवर "मामा, माझ्या डोक्यात कॉम्प्युटर नाही, मी डी.एड.ला जाते" इथवर गाडी आली होती. डी.एड. वाईट नाही, पण ते आवडतं म्हणून करावं, कापसाच्या बिलाला भिऊन नको.

आता अशा वेळी घरातला 'कॉम्प्युटरवाला' काय करतो? सरक जरा म्हणतो, कीबोर्ड ओढतो, टकटक करतो, घे, झालं. मुलगी थँक्यू म्हणते, मामा हुशार ठरतो आणि ती आणखी थोडी ढ ठरते. माझ्या मते नवशिक्याचं सर्वात जास्त नुकसान ही मदत करते. सॉफ्टवेअर कंपन्यांत वर्षानुवर्षं काढलेल्या लोकांना विचारा. दिवसाचा किती वेळ नवं लिहिण्यात जातो आणि किती वेळ 'हे असं का होतंय' यात जातो? खरं काम ते दुसरंच असतं, आणि ते शिकवायचं आपण टाळतो.

मी तिला एवढंच म्हणालो, की एकपासून नऊपर्यंत सगळे आकडे टाक, उत्तरं कागदावर एकाखाली एक लिही. बाजूला कॅल्क्युलेटरवरची खरी उत्तरं लिही. तक्रार नाही, अंदाज नाही, नुसतं लिही.

एक, ७५२१. दोन, १५०४२. तीन, २२५६३. चार, ३००८४. इथवर दोन्ही रकाने सारखे. पाच, उणे २७९३१. सहा, उणे २०४१०. सात, उणे १२८८९. आठ, उणे ५३६८. आणि नऊ, २१५३.

बराच वेळ ती कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मामा, पाचाच्या पुढे पण प्रत्येक वेळी ७५२१ च वाढून राह्यले." बरोबर! उणे २७९३१ मध्ये ७५२१ मिळवले की उणे २०४१० च येतात. म्हणजे गुणाकार वेडा झालेला नाही, तो इमानदारीत चाललाय. चार आणि पाचच्या मध्ये एकदाच काहीतरी घडलंय. मग तिने आपणहून खऱ्या उत्तरातून खोटं वजा केलं. पाचाला ६५५३६. सहाला ६५५३६. सात, आठ, नऊ, सगळ्यांना ६५५३६.

त्या क्षणी तिचा चेहरा बघण्यासारखा होता. कॉम्प्युटर लहरी नाहीये, तो प्रत्येक वेळी मोजून तेवढेच पैसे खातोय! आणि जो प्रत्येक वेळी तेवढेच खातो तो पकडता येतो.

पुढचं सोपं होतं. ६५५३६ म्हणजे दोनाचा सोळावा घात. टर्बो सी मध्ये 'इंट' म्हणून जो साधा पूर्णांक लिहितात त्याला सोळाच बिट मिळतात, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. जुन्या लुनाचा किलोमीटरचा काटा सगळे नऊ झाले की परत शून्यावर यायचा, तसंच हे. फक्त हा शून्यावर न येता उणे ३२७६८ वर जातो आणि तिथून परत चढायला लागतो. मोबाईलवरच्या नव्या कंपायलरमध्ये त्याच 'इंट'ला बत्तीस बिट असतात, म्हणून मैत्रिणीकडे उत्तर बरोबर आलं. दोघींचा प्रोग्रॅम एकच होता, पण एकीला पायली मिळाली होती आणि एकीला शेर.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलंच नसतं. तिने बिलाच्या रकमेचा प्रकार बदलून 'लाँग' केला. तरी उणे २७९३१. मग छापायच्या ओळीत 'लाँग'साठी वेगळी खूण लागते हे तिला पुस्तकात सापडलं, ती बदलली. तरी उणे २७९३१! मी गप्प. (फार अवघड असतं हो हे गप्प बसणं. चहा दोनदा मागितला.) ती स्वयंपाकघरात जाऊन आजीला समजावायला लागली: हा भाव आजी, हे क्विंटल, दोघांचा गुणाकार झाला की मग तो ह्या मोठ्या डब्यात टाकायचा... आणि मध्येच थांबली. डबा मोठा केला, पण गुणाकार तर आधीच्या लहान भांड्यातच होतोय. भाव लहान, क्विंटल लहान, त्यामुळे त्यांचा गुणाकारही लहान भांड्यात, तिथेच सांडतो आणि उरलेलं मोठ्या डब्यात पडतं. तिने भावाचा प्रकारही 'लाँग' केला आणि ३७६०५ आले. परदेशात प्रोग्रॅमर मंडळी टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि अडलं की त्याला ओळन् ओळ समजावून सांगतात म्हणे. आमच्याकडे आजी आहे. ती "मंग?" असं विचारते, बदक विचारत नाही.

ही चूक बाळबोध आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक गोष्ट. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ हे नवंकोरं रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत दिशा सोडून फुटलं. चार उपग्रह होते त्यात. कारण काय निघालं? आडव्या वेगाशी संबंधित एक मोठा आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबायला गेले आणि तो ३२७६७ च्या वर होता. तो प्रोग्रॅम आधीच्या एरियान-४ वरून उचललेला. जुन्या रॉकेटचा तो आकडा कधी एवढा वर जातच नसे, म्हणून तिथे सगळं सुरळीत होतं. माझ्या भाचीचा प्रोग्रॅमही चार क्विंटलवाल्यासाठी अगदी बरोबर होता की! पाच क्विंटलवाला येईपर्यंत कोणाला कळणार?

म्हणून 'चालतोय ना?' हा प्रश्न मला आवडत नाही. किती क्विंटलपर्यंत चालतो, असं विचारा. शून्य टाकलं तर? हजार टाकले तर? कोणी आकड्याऐवजी 'पाच' असं अक्षरात लिहिलं तर? भाऊजींनी जर्नल बघितलं नव्हतं, त्यांना सी येत नाही, पण त्या सगळ्या प्रकरणात खरी परीक्षा त्यांनीच घेतली. त्यांना उत्तर आधीच साधारण माहीत होतं, म्हणून घेता आली. कोणत्याही नवशिक्याला माझं सांगणं असतं की पहिला प्रोग्रॅम अशाच हिशोबाचा कर, ज्याचं उत्तर तुझ्या घरात कोणालातरी तोंडपाठ आहे.

आमच्या भागात किड्याला काय म्हणतात हे सांगायला नको. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचं जे केलं ते अजून कोणी विसरलेलं नाही. प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडाच म्हणतात, आणि माझ्या मते तो बोंडअळीच्या जातीचा आहे. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. फोडल्याशिवाय आतली अळी दिसत नाही, आणि फुटतं तेव्हा कवडी हातात येते. म्हणून जाणता शेतकरी बोंड फुटायची वाट बघत नाही. डोमकळ्या शोधतो, आणि शेतात कामगंध सापळे लावतो. त्या सापळ्याने सगळे पतंग मरावेत अशी कोणाची अपेक्षा नसते. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग दिसले की समजायचं, आता हालचाल करायला हवी. प्रोग्रॅममध्ये मधे मधे आकडे छापून बघणं म्हणजे हेच कामगंध सापळे. इथे भाव किती आहे? इथे गुणाकार किती झाला? ज्या दोन सापळ्यांच्या मध्ये आकडा बिघडला, अळी तिथे. सगळ्या शेतावर फवारणी करायची गरज नाही. आणि नवशिके बहुतेक वेळा फवारणीच करतात. इथलं बदल, तिथलं बदल, कंस घाल, काढ, एकदम पाच गोष्टी बदलून बघ. त्यातून कधी चालला तरी कशामुळे चालला ते कळत नाही.

कॉम्प्युटर चूक दाखवतो तेव्हाही तो नेमकी जागा दाखवेलच असं नाही. सेमीकोलन राहतो सातव्या ओळीत आणि टर्बो सी बोट दाखवतं आठव्या ओळीकडे. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. मुलं आठवी ओळ दहादा पुसून लिहितात. शिवाय ते सगळं इंग्रजीत, त्यामुळे वाचलंच जात नाही, लाल पट्टी दिसली की नुसती धडकी. मी भाचीला सांगितलं, ती ओळ शिव्या समजू नकोस, पोस्टकार्ड समज, कितीही गिचमिड असलं तरी वाच.

अंदाज आणि पुरावा यातला फरक समजायला आमच्या जिल्ह्याला लांब जायला नको. जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं तेव्हा प्रत्येकाकडे एक कारण होतं. शेवाळ, खारटपणा, लॉकडाऊन, कोणी काय आणि कोणी काय. फोनवर मलाही चार कारणं कळली होती. मग पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि तिथे दिसलं की हा रंग मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. बाटलीतलं पाणी न हलवता ठेवलं तर ते जीव तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. नुसतं बाटली ठेवून बघणं! किती साधी कसोटी, पण ती केल्यावर रंग पाण्याचा नाही, पाण्यातल्या कशाचा तरी आहे, हे उघड झालं. असा एकेक छोटा प्रयोग करून शंकेचं रिंगण लहान करत जायचं, यापलीकडे चूक शोधण्याचं शास्त्र फारसं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? आजकाल प्रोग्रॅम चॅटमध्ये चिकटवला की एआय क्षणात दुरुस्त करून देतं. देतं, आणि बहुतेक वेळा बरोबर देतं. मी स्वतः रोज वापरतो, त्याला नावं ठेवण्याएवढा म्हातारा झालो नाही अजून. पण भाचीने पहिल्याच दिवशी तसं केलं असतं तर तिला ३७६०५ मिळाले असते आणि ६५५३६ मिळाले नसते. कुठल्यातरी बँकेत किंवा बाजार समितीत उद्या ती काम करेल, पडद्यावर आकडा येईल आणि तो दिसायला अगदी व्यवस्थित असेल. उणे असेल तर कोणीही ओरडेल. पण २१५३ सारखा सभ्य आकडा असेल तर? बारा क्विंटलचे २४७१६ छापले होते त्या प्रोग्रॅमने. शिकलेल्या माणसानेही पावती घडी करून खिशात घातली असती. असल्या आकड्याचा संशय यायला तो आधी एकदा आपल्या हातून पकडलेला असावा लागतो. म्हणून मी म्हणतो, एआयला विचार, पण आधी तुझा तो दोन रकान्यांचा कागद कर, आणि विचारताना दुरुस्त करून दे म्हणू नकोस, माझा अंदाज असा आहे, बरोबर का, असं विचार.

शिक्षकांवर सगळं ढकलण्यात अर्थ नाही हेही मला कळतं. एक सर, चाळीस पोरं, निम्म्या मशिनी बंद, त्यात वीज जाते, आणि परीक्षेच्या आधी सगळ्या जर्नलांवर सह्या हव्यात. त्यात कोण कोणाची अळी शोधत बसेल? पण जर्नलची जी रीत आहे ना, ती मात्र मला खटकते. स्वच्छ अक्षर, खाडाखोड नाही, डाव्या पानावर चौकटीत उत्तर. खाडाखोड केली तर मार्क कापतात. तिकडे अमेरिकेत हार्वर्डला ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क-२ नावाच्या प्रचंड यंत्राच्या रिलेत एक खराखुरा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवलं. 'बग' हा शब्द तिथून आला असं सगळीकडे सांगतात ते खरं नाही, एडिसन १८७० च्या दशकातच तो शब्द वापरत होता, आणि ग्रेस हॉपर बाईंनी ही गोष्ट पुढे आयुष्यभर रंगवून सांगितली तरी पतंग त्यांनी स्वतः पकडलेला नव्हता. ते जाऊ द्या. मुद्दा असा, की ते किडा चिकटवलेलं पान आज वॉशिंग्टनला राष्ट्रीय संग्रहालयाने जपून ठेवलंय. आमच्याकडे ते पान फाडून पुन्हा लिहून आणायला लावलं असतं. :)

माझी सूचना साधी आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत एक प्रश्न असा ठेवा की हा प्रोग्रॅम घ्या, यात एक चूक आहे, ती कुठल्या आकड्याला उघडी पडते ते दाखवा. दुरुस्त नाही केली तरी चालेल. आणि जर्नलमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमनंतर अर्धं पान सोडा, काय बिघडलं आणि कसं सापडलं ते लिहायला. यासाठी नवे कॉम्प्युटर लागत नाहीत, अनुदान लागत नाही, वीज गेली तरी हे पान लिहिता येतं. कोणी प्राध्यापक मंडळी हा ब्लॉग वाचत असतील तर यावर त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकायला मला खरंच आवडेल. भाचीने स्वतःच्या वहीत असं पान सुरू केलंय. त्यावर ते दोन रकाने आहेत आणि खाली पेन्सिलीने ६५५३६ ला गोल केलाय.

डी.एड.चं नाव सध्या काढत नाही. पण परवा तिचा फोन होता. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तिने पुन्हा वडलांपुढे ठेवला, त्यांनी घरातली खरी पावती काढली, नऊ क्विंटल चाळीस किलो. हिने नऊ पूर्णांक चाळीस टाकलं आणि उत्तर आलं फक्त नवाचं, ६७६८९.

"आन् वरचे चाळीस किलो?" भाऊजींनी विचारलं. म्हणजे तीन हजार आठ रुपये चाळीस पैसे.

ती म्हणाली, "मामा, काही सांगू नको हं. कागद घेतलाय."